अनियमित ठोक्यांवरच्या गोळ्या : कोणती कशासाठी आणि बदल कोणी करायचा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय 71 आहे, रक्तदाब आणि मधुमेह आधीपासून आहेत, आणि काही महिन्यांपूर्वी त्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. मेटोप्रोलॉल (ठोक्यांची गती कमी करणारे), अमिओडारोन (लय टिकवणारे) आणि एपिक्साबान (रक्त गोठू न देणारे) अशी तीन औषधे सुरू आहेत. सध्या धडधड थांबली आहे, ताज्या ईसीजीतही लय नियमित दिसते, त्यामुळे आता गोळ्या बंद कराव्यात असे वडिलांचे म्हणणे आहे. निदान रक्त पातळ करणारी गोळी तरी थांबवावी असा त्यांचा आग्रह आहे, कारण दाढी करताना कापले की रक्त लवकर थांबत नाही. संध्याकाळची गोळी वरचेवर विसरते, आणि पुढच्या महिन्यात एक दाढ काढायची आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर सांगतो. तिन्हींपैकी एकही गोळी घरच्या घरी बंद करू नये, कमी करू नये आणि अर्धीही करू नये. पुढच्या तपासणीत डॉक्टरांशी गोळी थांबवण्याविषयी बोलायचेच असेल तर ते अमिओडारोनविषयी बोलावे; तो प्रश्न रास्त आहे. एपिक्साबान मात्र या तिन्हींत सर्वांत जपून चालू ठेवायची गोळी आहे आणि नेमकी तीच वडिलांना नकोशी झाली आहे. असे जवळपास नेहमीच घडते. ठोक्यांची गती कमी करणाऱ्या गोळीने धडधड थांबते, बरे वाटते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो; रक्त गोठू न देणाऱ्या गोळीने मात्र काहीच जाणवत नाही, जाणवतो तो फक्त तिचा त्रास.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे एकसंध आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक अरुंद कोपरा असतो, तिथे रक्त रेंगाळते आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, परंतु तो सर्वांना सारखा नसतो. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पूर्वी झालेला पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण देऊन तो मोजला जातो. वडिलांचे वयाचा एक, रक्तदाबाचा एक आणि मधुमेहाचा एक असे तीन गुण होतात, आणि पुरुषांमध्ये दोन किंवा अधिक गुण असतील तर रक्त गोठू न देणारे औषध द्यावे असा वैद्यकीय संकेत आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : या गुणांमध्ये आजचा ईसीजी कसा आहे याला स्थानच नाही. ठोके नियमित झाल्याने वय कमी होत नाही आणि मधुमेहही जात नाही.

शिवाय नेहमीचा ईसीजी म्हणजे सुमारे दहा सेकंदांची नोंद. उरलेल्या दिवसात आणि रात्री झोपेत लय किती वेळा बिघडली हे त्यावरून कळत नाही, आणि असे बरेचसे झटके रुग्णाला जाणवतही नाहीत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या मोठ्या अभ्यासात 4,060 रुग्णांपैकी काहींची लय औषधांनी नियमित ठेवण्याचा प्रयत्न झाला, तर काहींची केवळ गती आटोक्यात ठेवली गेली. दोन्ही गटांत जे पक्षाघात झाले त्यांपैकी बहुतेक रुग्णांनी वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे जुने औषध) थांबवलेले होते किंवा त्यांच्या रक्तातील त्याचा परिणाम अपुरा होता. लय सुधारली म्हणून हे औषध सोडणे किती महागात पडू शकते हे त्यातून स्पष्ट झाले. विजेचा झटका देऊन लय पूर्ववत केली तरी त्यानंतर किमान चार आठवडे हे औषध चालू ठेवावे लागते, आणि अ‍ॅब्लेशननंतर (लय बिघडवणारा हृदयातला भाग नळीवाटे निकामी केल्यावर) किमान दोन महिने; त्यापुढचा निर्णय पुन्हा वरील गुणांवरूनच होतो, लयीवरून नाही.

आता दाढीच्या जखमेविषयी. अशा जखमेतून रक्त थोडे अधिक वेळ येणे हा त्रास आहे, धोका नाही. स्वच्छ कापडाने न उचलता पाच-दहा मिनिटे दाबून धरावे. सारखे उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. विद्युत रेझर वापरला तर हा प्रश्नच बहुधा मिटतो. काळजीचा रक्तस्राव वेगळा असतो : डांबरासारखी काळी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, पंधरा मिनिटे दाबूनही नाकातले रक्त न थांबणे, किंवा हळूहळू रक्त कमी होत गेल्याने वाढणारा थकवा आणि दम. यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

‘ही गोळी कडक वाटते, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन सौम्य, ती घेऊ का,’ हा प्रश्नही या ओघात येतोच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वॉरफरिन देता येणार नाही असे वाटलेल्या रुग्णांमध्ये एपिक्साबान आणि अ‍ॅस्पिरिन यांची थेट तुलना झाली. एपिक्साबानने पक्षाघात निम्म्याहून अधिक कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच राहिले. म्हणजे अ‍ॅस्पिरिनने संरक्षण कमी मिळते आणि रक्तस्रावाची जोखीम तर टळत नाहीच. दोन्ही एकत्र घेणे काही हृदयरुग्णांना ठरावीक काळ आवश्यक असते, पण ते स्वतःहून कधीही सुरू करू नये.

एपिक्साबानचा नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा आहे. वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) 1.5 किंवा अधिक, या तीन बाबींपैकी दोन लागू असतील तरच सर्वसाधारणपणे तो 2.5 मिलिग्रॅम केला जातो. ‘वय झाले आहे, थोडी कमीच बरी’ अशा भावनेतून दिलेला किंवा घेतलेला अर्धा डोस मी अनेकदा पाहिला आहे, आणि कधीकधी तो आमच्या व्यवसायातल्या लोकांनीच लिहून दिलेला असतो. वडिलांच्या चिठ्ठीवर 2.5 लिहिले असेल तर त्याचे कारण अवश्य विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

संध्याकाळची गोळी विसरण्याचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. या गटातील औषधांचा परिणाम बारा ते चोवीस तासांत ओसरत जातो, त्यामुळे एक गोळी चुकली तरी संरक्षणात पोकळी पडते. आम्ही वापरतो तो नियम सोपा आहे : दोन गोळ्यांमधल्या अंतराच्या निम्मा काळ उलटून गेला नसेल तर आठवताक्षणी गोळी घ्यावी, उलटून गेला असेल तर ती सोडून पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. म्हणजे दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीसाठी ही मुदत सहा तास, आणि एकदाच घ्यायच्या गोळीसाठी बारा तास. रात्री आठची एपिक्साबान अकरा वाजता आठवली तर घ्यावी. पहाटे चारला जाग येऊन आठवली तर सोडून द्यावी आणि सकाळी आठची वेळेवर घ्यावी. चुकलेली भरून काढण्यासाठी दोन गोळ्या एकत्र कधीही घेऊ नयेत. घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर दिवसातून दोनदा घ्यायची गोळी त्या वेळी पुन्हा घेऊ नये.

विसरभोळेपणावर उपदेशाचा उपयोग होत नाही, सोयीचा होतो. आठवड्याच्या वारांचे, सकाळ-संध्याकाळ असे कप्पे असलेली डबी आणावी, एका ठरावीक दिवशी ती घरातल्या दुसऱ्या कोणी भरावी आणि फोनवर गजर लावावा. डबीतला कप्पा रिकामा आहे की भरलेला, एवढे पाहिले तरी घेतल्या-न घेतल्याचा वाद मिटतो. अपवाद डाबिगाट्रान या एपिक्साबानसारख्याच कामाच्या कॅप्सूलचा. ती ओलाव्याने खराब होते, म्हणून मूळ पाकिटातून किंवा बाटलीतून ऐन घेण्याच्या वेळीच काढावी आणि फोडून किंवा चावून कधीही घेऊ नये, कारण तसे केल्यास शरीरात शोषले जाणारे प्रमाण एकदम वाढते. याच गटातील रिवारोक्साबानच्या 15 आणि 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात. उपाशीपोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत. एपिक्साबानला जेवणाची अट नाही. सर्व प्रयत्न करूनही संध्याकाळची गोळी चुकतच राहिली, तर दिवसातून एकदा घ्यायचे औषध शोभेल का हे डॉक्टरांना विचारता येते, परंतु तिथे एक गोळी चुकली की पूर्ण दिवस विनासंरक्षण जातो हेही ध्यानात ठेवावे.

वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. ज्यांची माइट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) बरीच अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्यासाठी आजही तेच औषध योग्य आहे. नवी औषधे तिथे कमी पडतात हे चाचण्यांतून दिसलेले आहे. वॉरफरिनला आयएनआर ही रक्ततपासणी नियमित लागते आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ती 2 ते 3 यांच्या दरम्यान ठेवली जाते. हिरव्या पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे असते.

आता अमिओडारोन. लय टिकवण्यासाठी हे बहुधा सर्वांत प्रभावी औषध आहे आणि शरीरभर सर्वांत खोल पाय रोवणारेही. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. त्यामुळे थायरॉइड ग्रंथी एक तर मंदावते किंवा अतिजलद काम करू लागते. वजन विनाकारण घटणे, हात थरथरणे आणि शांत झालेली धडधड पुन्हा सुरू होणे, असे झाल्यास ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढून गोळी वाढवण्याआधी थायरॉइड तपासावे. अनेकदा उत्तर तिथे सापडते. थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या औषध सुरू करताना आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी व्हायला हव्यात, आणि छातीचा एक्स-रे साधारण वर्षातून एकदा. नवा कोरडा खोकला किंवा चालताना लागणारा दम सर्दी समजून अंगावर काढू नये, कारण क्वचित या औषधाने फुप्फुसांना इजा होते आणि ती लवकर ओळखली तरच आटोक्यात येते. उन्हात त्वचा पटकन भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी वापरावी. दिव्यांभोवती वलये दिसू लागली तर डोळे तपासून घ्यावेत. नजर अचानक अंधूक झाली तर त्याच दिवशी.

हे औषध चरबीत साठते आणि शरीरातून निघून जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून दोन दिवस गोळी चुकली तरी लगेच फरक दिसत नाही. आणि ‘बंद केली, आता काही संबंध नाही’ असेही म्हणता येत नाही. थांबवल्यानंतरही काही महिने प्रत्येक नव्या डॉक्टरांना ते सांगत राहावे, कारण इतर औषधांशी त्याच्या कुरबुरी तोवर चालूच असतात : वॉरफरिनचा परिणाम ते वाढवते, डिगॉक्सिनची पातळी वाढवते, आणि सिमवास्टॅटिनबरोबर घेतल्यास स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. याच कारणांमुळे लय काही महिने स्थिर राहिली की अमिओडारोन कमी करता येईल का, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारत असतो. तो वडिलांनी जरूर विचारावा, आणि उत्तर नाही असे आले तर का, हेही.

मेटोप्रोलॉलविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते एकाएकी बंद करू नये, कारण तसे केल्यास गती उसळते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांच्या छातीत दुखू शकते. ते हळूहळू परिणाम सोडणाऱ्या प्रकारातले असेल तर चावू किंवा कुटू नये. मधुमेहात साखर खूप उतरल्यावर जी धडधड होते ती या औषधाने झाकली जाऊ शकते, परंतु घाम सुटतो. त्यामुळे अचानक घाम आला तर साखर तपासावी. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल ही ठोके मंदावणारी औषधे त्याच्या जोडीला कोणी लिहून दिले, तर ‘आधीच मेटोप्रोलॉल आणि अमिओडारोन चालू आहे’ हे त्या क्षणी सांगणे अत्यावश्यक आहे, कारण एकत्रितपणे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

बहुतेक अपघात अशाच सांध्यांवर होतात : रुग्णालयातून घरी येताना, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर, ताप किंवा जुलाब झाल्यावर. एका आजोबांना चक्कर येते म्हणून आणले होते, नाडी चाळिशीत होती. पिशवीतून पट्ट्या टेबलावर ओतल्या तेव्हा दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या, दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात एकच औषध लिहिलेले होते : मेटोप्रोलॉल. एक जुन्या चिठ्ठीतली, एक रुग्णालयाने दिलेली. त्यांनी सांगितले तसे इमानाने दोन्ही घेतल्या होत्या. म्हणून घरातली यादी कंपनीच्या नावाने नव्हे, औषधाच्या मूळ नावाने करावी, त्यापुढे मात्रा, वेळ आणि ‘कशासाठी’ हे लिहावे, आणि चिठ्ठी बदलली की जुन्या पट्ट्या घरात ठेवू नयेत.

सर्दी-खोकल्याच्या औषधांपैकी नाक मोकळे करणारी, म्हणजे ज्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन असते ती, टाळावीत. ती ठोके आणि रक्तदाब वाढवतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक एपिक्साबानबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि मूत्रपिंडावरही ताण येतो, म्हणून योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल बरे. क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डॉम्पेरिडोन, ऑन्डानसेट्रॉन ही अगदी रोजच्या वापरातली औषधे अमिओडारोनच्या जोडीने ईसीजीवरील क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होण्याचा काळ) वाढवू शकतात, आणि ते फार वाढले तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून घातक लयदोष उद्भवतो. याचा अर्थ ती कधीच घेता येत नाहीत असा नाही. देणाऱ्याला अमिओडारोन चालू असल्याचे ठाऊक हवे, एवढाच आहे. उलट रिफाम्पिसिन, फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन एपिक्साबानचा परिणाम इतका कमी करतात की गोळी घेऊनही संरक्षण मिळत नाही. वनौषधींबाबतही हीच दक्षता घ्यावी.

उलट्या-जुलाबांत अंगातले पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होते, मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि लयीवरची औषधे अशा वेळी बेभरवशाची होतात. एक दिवसाहून अधिक त्रास राहिला तर फोन करून विचारावे आणि क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. एरवी क्रिएटिनिन किती दिवसांनी तपासावे, याचा एक कामचलाऊ हिशेब आहे : मूत्रपिंडाची क्षमता 60 पेक्षा कमी असेल तर त्या आकड्याला दहाने भागावे, येईल तितक्या महिन्यांनी तपासावे, क्षमता 40 असेल तर दर चार महिन्यांनी.

घरी नाडी मोजताना पाच मिनिटे शांत बसून, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे हलके टेकवून, पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय नियमित नाडीला चालते, अनियमित नाडीत ती फसवते. विश्रांतीत 50 च्या खाली किंवा सतत 110 च्या वर गती राहिली तर कळवावे. लय अनियमित असताना रक्तदाबाचे यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवते, म्हणून लागोपाठ तीनदा मोजून सरासरी धरावी.

दाढ काढण्याबाबत निर्णय दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून घ्यावा, आणि तो आठवडाभर आधी व्हावा. एकच साधी दाढ असेल तर एपिक्साबान बहुधा थांबवावी लागत नाही, किंवा त्या दिवसाची फक्त सकाळची गोळी वगळली जाते. तीन-चार दिवस आधीपासून बंद ठेवा असे कोणी सांगितले तर त्याचे कारण विचारावे. वेळ सकाळची घ्यावी, म्हणजे रक्त थांबले नाही तर त्याच दिवशी परत दाखवता येते. पुढची गोळी नेमकी किती वाजता घ्यायची हे कागदावर लिहून घ्यावे, कारण सुट्टी झालेली गोळी परत सुरू करायचे राहून जाणे ही फार नेहमीची गफलत आहे. वेदनाशामक आणि प्रतिजैविक लिहून देण्यापूर्वी दंतवैद्यांना वरील यादी दाखवावी.

काही प्रसंगी मात्र फोन करत बसू नये, थेट तातडीच्या विभागात जावे : बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांसह वेगाने पडणारे ठोके, आणि डोक्याला जोराचा मार, मग वरून जखम दिसो वा न दिसो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि त्याबरोबर एपिक्साबानची शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देता येईल की नाही हे ठरवताना डॉक्टर आधी विचारतील ते हेच दोन आकडे.